ओझे हलके, काळजी हलकी

साठीनंतर सायकलवरून चार-पाच दिवसांच्या मुक्कामी सहलीला निघताना पिशवीत काय भरावे, काय वगळावे आणि घरच्यांच्या हाती काय सोपवून जावे, याचा विचार.

दिवाळी सरली आहे, पहाटे गारवा जाणवू लागला आहे. आपल्या खोलीतील पलंगावर जुनी चादर अंथरून तिच्यावर आपण एकेक वस्तू मांडत आहात : घडीचा तंबू, चटई, दोन सदरे, पंक्चरचे सामान, गोळ्यांचा डबा. चार-पाच दिवस सायकलवरून कोकणच्या किनाऱ्याने जायचे, रात्री कुणाच्या तरी अंगणात तंबू ठोकून राहायचे, असा बेत आहे. तेवढ्यात दाराशी उभे राहून कुणीतरी विचारते, “बाबा, या वयात हे कशाला?”

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात भीती असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात थोडा राग. मग पलंगावरच्या त्या चादरीवर एक मूक भांडण सुरू होते. घरची मंडळी भीतीपोटी वस्तू वाढवत जातात : आणखी एक स्वेटर, आणखी एक डबा, औषधांची आणखी एक बाटली. आणि जाणारी व्यक्ती अभिमानापोटी वस्तू काढून ठेवते : रक्तदाबाचे यंत्र कशाला, रात्रीसाठी वेगळी सोय कशाला, मी काय आजारी आहे? दोघांचाही हेतू चांगला असतो. पण पिशवी मात्र चुकीची भरली जाते.

प्रवासाचे सामान भीतीने भरू नये आणि अभिमानानेही भरू नये. आपल्या शरीराला आज खरोखर काय लागते याचा प्रामाणिक हिशेब मांडून ते भरावे आणि शक्य असेल तर घरातील एका व्यक्तीला शेजारी बसवून भरावे. हे कसे साधायचे, ते आता क्रमाने पाहू.

वय आड येत नाही, तयारीचा अभाव येतो

सायकलवर तंबू लादून फिरण्याची हौस ही केवळ विशीतल्या मुलांची, असा आपला समज असतो. पण या छंदाला संघटित रूप देणारा इंग्लंडमधील टॉमस हायरम होल्डिंग हा व्यवसायाने शिंपी होता. त्याचा जन्म १८४४ चा. सायकलने आयर्लंडमध्ये केलेल्या मुक्कामी प्रवासाचे त्याचे पुस्तक १८९८ मध्ये निघाले आणि १९०१ मध्ये त्याने सायकलवरून मुक्कामी भ्रमंती करणाऱ्यांची संघटना स्थापन केली, तेव्हा तो पन्नाशी ओलांडून पुढे गेला होता. वजनाला हलके तंबू बनवण्यात त्याला विशेष रस होता. कारण सायकलवर लादलेली प्रत्येक वस्तू अखेर आपल्याच पायांना ओढावी लागते, हे त्याने पुरते ओळखले होते.

तरीही निघण्यापूर्वी डॉक्टरांची भेट टाळू नये. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, चालताना छातीत दुखत असेल, वारंवार तोल जात असेल, फिट येत असतील किंवा रक्तातील साखर आवरत नसेल, तर ही सहल पुढे ढकलणे हेच शहाणपण. डॉक्टरांना केवळ “सायकल चालवू का?” असे विचारू नका. “पाच दिवस, रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर, चढउताराचा रस्ता, दमट हवा आणि बरोबर दहा-बारा किलो सामान” असे नेमके सांगा. प्रश्न नेमका असला की सल्लाही नेमका मिळतो.

उदाहरणासाठी आपण मांडव्याहून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली तालुक्याचा किनारा, गुहागर असा रस्ता डोळ्यांसमोर ठेवू. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल चढवता येते. पुढे आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेसवी या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, दाभोळहून धोपाव्याला उतरायचे की गुहागर जवळ येते. हे सारे पाच दिवसांत झाले नाही तर जिथे पोचाल तिथून एस.टी.ने किंवा वाहनाने परत यावे. अमुक गावी पोचलेच पाहिजे असा हट्ट या सहलीत नसावा. रस्ता रमणीय आहे, पण सपाट नाही. प्रत्येक खाडीच्या काठावरून वर सड्यावर चढायचे आणि पुन्हा पुढच्या खाडीकडे उतरायचे, असा त्याचा स्वभाव. घरात क्षुल्लक वाटणारा एक किलो त्या चढावर आपले खरे रूप दाखवतो.

आधी काटा, मग पिशवी

स्वयंपाकघरातील वजनकाटा पलंगाजवळ आणा. प्रत्येक वस्तूचे वजन करून वहीत लिहा. काम कंटाळवाणे वाटेल, पण सामान कमी करण्याचा याहून चांगला उपाय नाही. ढोबळ अंदाज असा : एका-दोघांचा तंबू सव्वादोन किलो, चटई व फुगवायची उशी ९०० ग्रॅम, पांघरूण ९०० ग्रॅम, कपडे पावणेदोन किलो, सायकलची हत्यारे सव्वा किलो, औषधांची पिशवी ७०० ग्रॅम, कोरडे खाणे एक किलो, मोबाइल, चार्जर व पॉवर बँक ६०० ग्रॅम, साबण-दंतमंजन-टॉवेल अर्धा किलो. बेरीज पावणेदहा किलोंच्या घरात जाते. रिकाम्या पिशव्यांचे दीड किलो आणि दोन लिटर पाण्याचे दोन किलो मिळवले की सव्वातेरा किलो झाले. साठी-सत्तरीतील व्यक्तीसाठी ही वरची मर्यादा समजावी. दोघे मिळून जात असाल तर तंबू, हत्यारे आणि खाणे वाटून घेता येते आणि प्रत्येकाचा भार बराच उतरतो.

हे सामान पाठीवर कधीही घेऊ नका. पाठीवरच्या पिशवीने मान व खांदे आखडतात, घाम कोंडतो आणि तोल वर सरकतो. सायकलच्या मागील कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या मिळतात. सायकलवाले त्यांना पॅनिअर म्हणतात. जड वस्तू पिशवीच्या तळाशी ठेवा. दोन्ही बाजूंचे वजन सारखे करा. डावीकडे हत्यारे आणि उजवीकडे केवळ कपडे असे झाले तर सायकल सतत एका अंगाला ओढते. तंबू व चटई कॅरिअरवर आडवी बांधा. दोरीचे किंवा पट्ट्याचे एकही टोक लोंबता कामा नये, कारण ते चाकात गुंतले की पडणे ठरलेलेच.

लादलेली सायकल उतारावर उशिरा थांबते, हेही लक्षात असू द्या. सड्यावरून खाडीकडे उतरताना वेग आधीपासून आवरा, दोन्ही ब्रेक बेताने दाबा आणि हात दुखू लागले तर थांबून विश्रांती घ्या.

रात्र सुखाची जावी म्हणून

तरुण माणूस एक रात्र न झोपता दुसऱ्या दिवशी सायकल हाकू शकतो. उतारवयात झोप गेली की दुसऱ्या दिवशीचा तोल आणि लक्ष दोन्ही जातात. म्हणून वजन वाचवायचेच झाले तर ते कपड्यांत वाचवा, झोपेच्या सामानात नको.

तंबू निवडताना एकच कसोटी लावा : आत बसून डोके न वाकवता सदरा बदलता येतो का आणि गुडघ्यांवर भार न देता बाहेर पडता येते का? जमिनीवरून उठणे हीच अनेकांची खरी अडचण असते. त्यासाठी कुशीवर वळावे, कोपर टेकवून बसावे, एक पाय पुढे रोवून मग उभे राहावे. ही क्रिया घरी आठवडाभर रोज दोन-तीनदा करून पाहा. ती आधाराशिवाय जमत नसेल, तर तंबूचा नाद सोडून खोलीत खाटेवर मुक्काम करा. सहल तीच राहते आणि वजनही तीन-चार किलोंनी उतरते. यात कमीपणा मुळीच नाही.

हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर देशावरसारखी थंडी पडत नाही. जाडजूड स्लीपिंग बॅग नेण्याऐवजी पातळ रजई किंवा शाल आणि एक चादर पुरते. पहाटे मात्र दव पडते. तंबूच्या कापडाला आतूनही ओल धरते. म्हणून औषधे, मोबाइल, कानाचे यंत्र आणि सकाळी घालायचे कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावेत. कानटोपी मात्र अवश्य न्या.

मुक्काम निर्जन किनाऱ्यावर करू नका. घरगुती निवासाची सोय असलेल्या घरांत विनंती केली तर अंगणात तंबू लावू देतात. शौचालय, पाणी आणि माणसांची जाग जवळ असते. माडाखाली तंबू कधीही लावू नये. वरून पडणारा नारळ किंवा झावळी जिवावर बेतू शकते. पाचोळा, दगडांची रास आणि गवताचे भारे यांपासून दूर राहा. कोकणात फुरसे, घोणस आणि विंचू यांचा वावर असतो. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला आणि रात्री टॉर्चशिवाय एक पाऊलही टाकू नका.

आता ज्या विषयावर घरात कुणी बोलत नाही, त्याविषयी. वाढत्या वयात रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे सामान्य आहे. पुरुषांना प्रोस्टेटमुळे आणि स्त्रियांना ओटीपोटाच्या सैल झालेल्या स्नायूंमुळे हा त्रास अधिक होतो. काहीजण त्यासाठी संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद करतात आणि दिवसभर घाम गाळलेल्या शरीरावर आणखी ताण आणतात. त्यापेक्षा घट्ट झाकणाचे, रुंद तोंडाचे भांडे जवळ ठेवा, लागत असल्यास शोषक पॅड न्या, डोक्याला बांधायचा दिवा उशाशी ठेवा आणि झोपण्यापूर्वी शौचालयापर्यंतची वाट एकदा चालून पाहा. अंधारात तंबूच्या दोरीला पाय अडकून पडणे हा या सहलीतील अगदी टाळण्याजोगा अपघात आहे. दोरीला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली की ती उजेडात लगेच दिसते.

औषधांची पिशवी : दोन ठिकाणी, दोघांच्या ओळखीची

औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची अधिक घ्या आणि त्यांचे दोन भाग करा. एक भाग हँडलवरच्या छोट्या पिशवीत, दुसरा मागच्या पिशवीत. एक पिशवी भिजली, हरवली किंवा फेरीबोटीत राहिली तरी एकही मात्रा चुकता कामा नये. गोळ्या सुट्या करून एकाच बाटलीत भरू नका. नाव आणि मुदत दिसेल अशा मूळ पट्टीत ठेवा. बरोबर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत असू द्या, म्हणजे वाटेत औषध घ्यावे लागले तर औषध दुकानदाराला नेमके नाव कळेल.

काही औषधांचा सायकल, ऊन आणि घाम यांच्याशी थेट संबंध येतो. त्यांविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलले पाहिजे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर घामाबरोबर शरीरातील पाणी व क्षार दुहेरी वाटेने जातात आणि उभे राहताना चक्कर येऊ शकते. तिची वेळ किंवा मात्रा बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील; स्वतःहून गोळी सोडू नका. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी औषधे नाडीचा वेग वाढू देत नाहीत. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात नाडी कमी दिसली म्हणून श्रम कमी झाले असे समजू नये. चढावर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येते का, ही कसोटी अधिक खरी. बोलता येत नसेल तर उतरून सायकल हाताने ढकला. ढकलत जाणे हाही सायकल-प्रवासच आहे.

मधुमेहींनी अधिक काटेकोर असावे. व्यायामाने साखर उतरते आणि कधीकधी ती सहलीच्या वेळी न उतरता काही तासांनी, रात्री झोपेत उतरते. म्हणून ग्लुकोजची पूड किंवा साखर तीन जागी ठेवा : खिशात, हँडलवरच्या पिशवीत आणि उशाशी. हातपाय थरथरणे, घाम सुटणे, गोंधळल्यासारखे होणे, अशी लक्षणे दिसली की थांबावे, साखर तपासावी, सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि त्यानंतर काही खावे. वर सांगितलेल्या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना थरथर व धडधड जाणवत नाही; त्यांनी लक्षणांची वाट न पाहता ठरलेल्या वेळी साखर तपासावी. सोबत्यालाही ही सारी माहिती असली पाहिजे.

इन्सुलिन ऊन सहन करत नाही आणि गोठणेही सहन करत नाही. वापरात असलेले पेन अनेक प्रकारांत सुमारे चार आठवडे साध्या तापमानात टिकते, परंतु ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. आपल्या औषधाची नेमकी मर्यादा त्याच्या कागदावर पाहावी. ते बर्फाला खेटून ठेवू नका. ओल्या कापडाने थंड राहणाऱ्या पिशव्या कोरड्या हवेत चांगले काम करतात. कोकणच्या दमट हवेत त्यांचा परिणाम उणावतो. म्हणून थर्मासच्या प्रकारचा लहान डबा बरा आणि दुपारी मुक्कामाच्या घरी मडक्याजवळची थंड जागा मागून घ्यावी. मांडीत टोचलेले इन्सुलिन पाय चालू लागले की लवकर भिनू शकते. सायकलच्या दिवशी ते कुठे टोचावे आणि मात्रा किती असावी, हे विचारून घ्या.

रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर डोक्याला लागलेला लहानसा मारही क्षुल्लक समजू नये. बाहेर रक्त दिसले नाही, बरे वाटत असले, तरी रुग्णालयात जाऊन दाखवावे. जखमेवर दाबून धरण्यासाठी स्वच्छ गॉज आणि रुंद पट्टी बरोबर असावी. छातीतील कळेसाठी जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल तर ती सदऱ्याच्या खिशातच असावी, पिशवीच्या तळाशी नव्हे. दम्याचा पंप उन्हात तापू देऊ नये.

शेवटचा इशारा दुखण्यावरच्या गोळ्यांचा. गुडघे ठणकले की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याचा मोह होतो. शरीरात पाणी कमी असताना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना या औषधांनी मूत्रपिंडांवर गंभीर ताण येऊ शकतो. आपल्याला कोणती वेदनाशामक गोळी आणि किती चालेल, हे लिहून घेऊनच निघा.

तहान लागण्याआधी पाणी

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण जिभेला ते कळत नाही. म्हणून तहानेवर विसंबू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडले असे समजा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे.

ओ.आर.एस.ची चार-पाच मोठी पाकिटे न्या. असे एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचे असते. अर्ध्या बाटलीत अख्खे पाकीट टाकले तर क्षारांचे प्रमाण बिघडते. रोजचे सरबत म्हणून ते पिऊ नये. फार घाम गेला किंवा जुलाब झाले तर वापरावे. वाटेत शहाळी मुबलक मिळतात आणि ती गुणकारी आहेत. पण त्यांत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी दिवसाला किती शहाळी चालतील, हे विचारून घ्यावे.

स्टोव्ह, गॅस आणि भांडी घरीच ठेवा. या किनाऱ्यावर खाणावळी आणि घरगुती जेवण बहुतेक गावांत मिळते. स्वयंपाकाच्या सामानाचे किलोभर वजन वाचते आणि आगीची भीतीही टळते. बरोबर खजूर, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि पहिल्या दिवसासाठी दशम्या एवढे पुरे. सकाळी उजाडल्यावर निघावे आणि अकरापूर्वी सावली गाठावी. चार वाजेपर्यंत विश्रांती घ्यावी. उरलेले अंतर ऊन कलल्यावर, पण अंधारापूर्वी संपवावे.

अंगावरचे आणि सायकलचे

कपड्यांचे सूत्र सोपे आहे : एक अंगावर, एक पिशवीत आणि एक झोपताना. बैठकीला मऊ अस्तर असलेली सायकलची चड्डी दोन घ्या आणि ती रोज धुऊन वाळवा; ओल्या कपड्याने त्वचा सोलवटते. मधुमेहींसाठी अशी जखम लहान नसते. रोज रात्री पायांचे तळवे व बोटांमधील जागा तपासण्यासाठी छोटा आरसा जवळ असावा.

हँडलवर सतत भार पडला की करंगळी व शेजारचे बोट बधिर होते. मऊ अस्तराचे हातमोजे वापरा आणि हातांची जागा वारंवार बदला. बैठकीला बधिरता आली तर थांबून सीटचा कोन व उंची तपासा. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा, ही उंचीची साधी खूण; सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात.

हेल्मेट, पुढचा व मागचा दिवा, चमकणारे जाकीट आणि घंटी यांवर चर्चा नको. त्यात आणखी एक भर घाला : हँडलला लावायचा आरसा. मान पूर्वीसारखी वळत नाही आणि मागे वळून पाहताना सायकल एका अंगाला जाते. पन्नास-शंभर ग्रॅमच्या या वस्तूने ती अडचण सुटते. चष्म्याची दुसरी जोडी, कवळीचा डबा, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या यांचीही नोंद यादीत करा.

हत्यारांत दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, अ‍ॅलन कीचा संच, ब्रेकचे रबर आणि थोडे तेल. यांतले काहीच स्वतःला जमत नसेल तरी सामान जवळ असू द्या. मदत करणारा भेटतो, पण आपल्या चाकाच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असे नाही.

घरी ठेवून जायची पिशवी

आता घरच्या मंडळींसाठी. सामानाच्या यादीच्या दोन प्रती करा. एक प्रवाशाजवळ, एक घरी. फोनवर “गोळी सापडत नाही” असे ऐकू आले तर “उजव्या पिशवीत, निळ्या डब्यात” असे घरून सांगता आले पाहिजे. प्रवाशाच्या खिशात मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी असावी : नाव, वय, रक्तगट, आजार, औषधे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे आणि घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक.

फोनच्या दोन वेळा ठरवा. खाडीलगतच्या उतारांवर अनेक ठिकाणी संपर्क तुटतो. त्यामुळे ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांची सवड द्या. तोपर्यंत वारंवार फोन करू नका, कारण चालत्या सायकलवर वाजणारा फोन हाच एक धोका असतो. दोन तासांनंतरही निरोप नसेल तर आधी मुक्कामाच्या घरी विचारा. तिथेही पत्ता नसेल तर ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रवाशाला पाठ असावा.

परतीच्या अटीही घरीच, शांतपणे ठरवून लिहून ठेवाव्यात. छातीत दुखणे किंवा न थांबणारी धाप लागली तर सायकल तिथेच सोडून १०८. डोक्याला मार लागला तर रुग्णालय. चक्कर, ताप, जुलाब किंवा दोनदा उतरलेली साखर यांपैकी काही झाले तर त्या दिवशी सायकल बंद आणि डॉक्टरांना फोन. आधी ठरलेले असले की वाटेत “थोडे पुढे जाऊन पाहू” असा मोह होत नाही आणि परतणे म्हणजे हार असेही वाटत नाही.

आणखी एका वाचकाचा विचार केला पाहिजे. निघणारी व्यक्तीच घरात कुणाची शुश्रूषा करत असेल तर? पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली पत्नी किंवा विसरभोळे झालेले यजमान मागे असतील तर मन सायकलवर रमत नाही. अशा वेळी आपल्या पिशवीआधी त्यांची पिशवी भरा : वारांनुसार लावलेल्या गोळ्या, दिवसभराचा क्रम, त्यांना काय आवडते, कशाने त्या घाबरतात, कूस किती वेळाने बदलायची, डॉक्टरांचा क्रमांक. जो सांभाळणार आहे त्याने आपण घरात असतानाच दोन दिवस हे सारे करून पाहावे. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्यालाही विश्रांती लागते. ती मागताना अपराधी वाटून घेऊ नका. पाच दिवस फार वाटत असतील तर दोन दिवसांची सहल करा.

आधी एक रात्र अंगणात

सगळे भरून झाले की निघण्यापूर्वी दोन आठवडे रंगीत तालीम करा. पूर्ण सामान लादून वीसेक किलोमीटर जा. वाटेत एखादा चढ असू द्या. परत येऊन त्या रात्री अंगणात किंवा कठड्याच्या गच्चीवर तंबू लावून त्यातच झोपा. वारा असेल तर गच्ची नको. मोकळी जागा नसेल तर खोलीत जमिनीवर तीच चटई अंथरा आणि रात्रीचे सगळे उठणे-बसणे तिथूनच करा. सकाळी अंग किती आखडले, गोळ्या वेळेवर मिळाल्या का, अंधारात दिवा हाती लागला का, हे वहीत लिहा. घरच्या व्यक्तीनेही आपले निरीक्षण त्याच वहीत लिहावे. जे या रात्री जमले नाही ते कोकणात आपोआप जमणार नाही.

सहलीहून परतल्यावरही वही बंद करू नका. न वापरलेल्या वस्तूंवर खूण करा. पुढच्या वेळी त्या घरी राहतील. अपवाद फक्त औषधे, हत्यारे आणि पट्टीच्या सामानाचा. ती न वापरताच परत आली तर सहल चांगली झाली.

निघण्याच्या आदल्या रात्री पिशव्यांची चेन घरच्या माणसाला लावू द्या. एकेक वस्तू त्याच्या हातून आत गेलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी फोनवर “कशाला गेलात?” असे कुणी विचारणार नाही. “दुपारची गोळी घेतली का? समुद्र कसा आहे?” असे विचारतील.